घट कुणाच्या खांद्यावर?

‘घटस्फोट’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यातला घट कुणाला दिसत नाही. नटनट्यांच्या बातम्यांत, कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्यांवर, नातेवाइकांच्या कुजबुजीत हा शब्द रोज येतो. घट म्हणजे पाण्याने भरलेलं मडकं आणि स्फोट म्हणजे फुटणं. पण नवराबायको वेगळे होताना मडकं फोडल्याचं आपण कुठे पाहिलेलं नाही. मग हे मडकं आलं कुठून?

ते आलं धर्मशास्त्रातून, आणि तिथे त्याचा लग्नाशी संबंध नव्हता. एखादा माणूस पतित ठरला की त्याचे नातेवाईक तो जिवंत असतानाच गावाबाहेर त्याचं मरणोत्तर पाणी सोडत. त्या वेळी पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा असे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हा विधी आहे. घट लवंडायचा कुणी, हेही तिथे स्पष्ट लिहिलंय: दासीने. म्हणजे एका माणसाला जातीबाहेर काढण्याच्या सोहळ्यात शेवटची लाथ जिने मारायची, तिला स्वतःला त्या जातीत कधीच जागा नव्हती.

हे वाचल्यावर मी घटाच्या मागे लागलो. दुसरा घट सापडला नारदस्मृतीत, आणि हा लेख त्याबद्दल आहे. तिथे घट दासाच्या खांद्यावर आहे. मालक प्रसन्न झालाय आणि त्याला दासाला मोकळं करायचंय. तो दासाच्या खांद्यावरचं पाण्याचं मडकं काढून घेतो आणि फोडतो. मग अक्षता आणि फुलं घातलेलं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडतो, ‘अदास’ असं तीनदा म्हणतो आणि त्याला पूर्वेकडे तोंड करून जाऊ देतो. विधी संपला. कालपर्यंत ज्याच्या हातचं अन्न चालत नव्हतं, त्याच्या हातचं आता चालतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी भारावून गेलो होतो, हे कबूल करतो. आपल्याकडे अंत्ययात्रेत खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरतात आणि शेवटी ते फोडतात. हे चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. नारदाचा विधी त्याच भाषेत बोलतो. जणू तो म्हणतो, हा दास मेला, आता इथे एक माणूस उभा आहे. ज्या मडक्याने पाणी वाहायचं तेच मडकं फुटतं. कायद्याच्या पुस्तकात इतकी जिवंत प्रतिमा क्वचित भेटते. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र एक साधी गोष्ट खटकली. या सगळ्या दृश्यात दास एक शब्दही बोलत नाही.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. अमुक असेल तर तमुक कर, नसेल तर पुढे जा, अशा अटी लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे नारदाचा हा अध्याय वाचताना मला आधी त्याची रचना दिसली. अध्यायाचं नाव ‘अभ्युपेत्याशुश्रूषा’. सेवा कबूल करून ती न करणं, असा त्याचा साधारण अर्थ. म्हणजे गुलामगिरीचा विषय कामाचा करार मोडण्याच्या खात्यात घातलाय. सेवा करणाऱ्यांच्या यादीत विद्यार्थी आहे, शिकाऊ कारागीर आहे, मजूर आहे, देखरेख करणारा आहे आणि शेवटी दास आहे. पहिले चौघे शुद्ध कामं करतात. झाडलोट, घाण काढणं, उष्टं उचलणं, मालकाच्या अंगाची नको ती सेवा करणं ही अशुद्ध कामं दासाची. जणू फरक फक्त कामाच्या प्रकाराचा आहे.

मग येतात दासांचे पंधरा प्रकार: घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दानात मिळालेला, वारशाने आलेला, दुष्काळात जगवलेला, गहाण पडलेला, कर्जातून सोडवून घेतलेला, लढाईत पकडलेला, पैजेत जिंकलेला, ‘मी तुझा’ म्हणत आलेला, संन्यास मोडलेला, ठरावीक मुदतीचा, पोटासाठी राहिलेला, दासीच्या ओढीने आलेला आणि स्वतःला विकणारा. प्रत्येकाला बाहेर पडायचा वेगळा दरवाजा आहे. दुष्काळात जगवलेल्याने बैलांची जोडी द्यावी. कर्जवाल्याने कर्ज व्याजासकट फेडावं. पोटासाठी राहिलेल्याने ते अन्न सोडावं. युद्धात पकडलेल्याने किंवा पैजेत हरलेल्याने आपल्याइतकंच काम करणारा दुसरा माणूस आणून द्यावा. संन्यास मोडलेल्याला दरवाजाच नाही, तो कायमचा राजाचा दास. आणि या सगळ्याच्या वर एक अट: दास्य वर्णाच्या उतरत्या क्रमानेच चालतं. खालच्या वर्णाच्या मालकाकडे वरच्या वर्णाचा दास असू शकत नाही.

आता यादीतले पहिले चार पुन्हा बघा. घरात जन्मलेला, विकत घेतलेला, दानात आलेला, वारशाने आलेला. यांना अट नाही, रक्कम नाही, बदली माणूस नाही. मालकाची कृपा झाली तरच ते सुटतात. मडकं फोडायचा तो सुंदर विधी मालकाच्या याच प्रसन्नतेसाठी आहे. ज्यांच्याकडे स्वतःहून सुटायचा एकही रस्ता नाही, त्यांच्या वाट्याला सगळ्यात देखणा सोहळा आलाय. सुटल्यानंतरही तो मालकाच्या अनुग्रहाने पाळलेला म्हणूनच ओळखला जातो. मडकं फुटलं तरी मालकाचं नाव चिकटून राहतं.

एक अपवाद मात्र लखलखीत आहे. मालकाचा जीव धोक्यात असताना जो दास त्याला वाचवतो, तो सुटतोच, शिवाय त्याला मुलासारखा वाटा मिळतो. नुसतं ‘जा’ म्हणण्याने माणूस मोकळा होत नाही, त्याच्या हातात जगण्याचं साधनही लागतं, हे या कायद्याला कळत होतं. कळत असूनही ते त्याने एकाच प्रसंगासाठी राखून ठेवलं. माझी नारदावरची मुख्य तक्रार हीच आहे.

‘वारशाने आलेला’ या प्रकारावर थोडं थांबू. मालक मेला की दासाचं काय होतं? काही होत नाही. तो मुलांकडे जातो, शेत जातं तसा. आपल्या जुन्या कायद्यात मृत्युपत्र ही कल्पनाच नव्हती. वडिलोपार्जित मालमत्ता कुणाकडे जायची हे नात्याने ठरायचं, मरणाऱ्याच्या इच्छेने नाही. आज मृत्युपत्र करायचं तर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, हे आपल्याला ठाऊक असतं. पण हा सगळा कारभार इंग्रजी अमलात आला. त्यामुळे मरताना दासांना मोकळं करून जाणारा मालक आपल्या धर्मशास्त्रात सापडणं अवघड. मडकं फोडायला मालक जिवंत हवा, त्याचा हात हवा आणि त्याचा आवाज हवा.

दख्खनच्या इतिहासातलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरणही असंच मधल्या जागेत घडतं. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, अनेकदा विकला गेला आणि शेवटी निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्याकडे आला. १५७५ च्या सुमारास मालक वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. पुढे त्याने मुघलांना किती वर्षं झुंजवलं हे आपण शाळेत शिकतो. ती बाई मात्र पाठ्यपुस्तकात नसते, आणि तिने नाही म्हटलं असतं तर काय, हा प्रश्नही नसतो.

आता भोर आणि वेल्हे. या दोन तालुक्यांत राजगड, तोरणा आणि रोहिडा आहेत. हा मुलूख पंत सचिवांचा. त्यांचं भोर संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. वेल्हे तालुक्याला राजगडाचं नाव देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला. पावसाळ्यातल्या शनिवारी गुंजवण्यातून राजगडाची वाट धरली की पुण्याची निम्मी आयटी कंपनी वाटेत भेटते. मीही त्यातलाच. रीलमध्ये बुरूज, ढग आणि पोवाडा. किल्ला म्हणजे लढाई, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

पण किल्ला म्हणजे रोजचं कामही होतं. दळण, पाणी, कोठीतलं धान्य, जनावरांची देखभाल, चुना मळणं. अठराव्या शतकात पेशव्यांच्या राज्यात या कामाचा मोठा भाग कुणबिणींवर होता. कुणबीण, बटीक हे तेव्हाचे रोजचे शब्द. त्या विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात, लग्नात आंदण म्हणून जात. बदकर्माचा आरोप शाबीत झालेल्या बायकांना सरकार स्वतः कुणबीण करी आणि किल्ल्यावर किंवा सरकारी कारखान्यांत कामाला धाडी. हिरोशी फुकाझावा, उमा चक्रवर्ती, सुमित गुहा या अभ्यासकांनी हे कागदपत्रांवरून मांडलंय. म्हातारी झाली म्हणून कुणबीण सोडली, किंवा तिच्या बदली दुसरी बाई घेऊन सोडली, अशा गोष्टीही त्या व्यवहारात आहेत. नारदाच्या यादीतला ‘बदली माणूस’ इथे जिवंत होऊन येतो. एकीच्या सुटकेची किंमत दुसरीने भरायची. हिशेब बरोबर जुळतो, सरकारचं काही जात नाही.

म्हातारपणी सोडणं ही कृपा की खर्चातली बचत? जी बाई आता दळू शकत नाही तिला ‘मोकळी’ म्हणायचं आणि शिधा बंद करायचा. आयुष्यभर राबवून शेवटी दिलेल्या या मोकळेपणात तिच्यासाठी काय उरतं, हा प्रश्न त्या नोंदी विचारत नाहीत. त्या विचारणारही नाहीत, कारण त्या तिच्यासाठी लिहिलेल्याच नाहीत.

याच मातीतला दुसरा धागाही प्रामाणिकपणे सांगायला हवा. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी डचांना दिलेल्या कौलात माणसांची खरेदीविक्री करायला मनाई केली होती. आधीच्या राजवटीत जे चालत होतं ते आपल्या राज्यात चालणार नाही, असा त्याचा रोख होता. तो कागद वाचताना अभिमान वाटतो आणि तो रास्तच आहे. पण पुढच्या शंभर वर्षांत त्याच राज्याच्या सरकारी कारखान्यांत कुणबिणी राबत होत्या, हेही तितकंच खरं. एक कागद दुसऱ्याला पुसत नाही.

बाहेरच्या जगात मृत्युपत्राने गुलाम सोडण्याचा कायदा सगळ्यात बारकाईने रोमनांनी लिहिला. मृत्युपत्रात गुलामाचं नाव हवं. भाषा आज्ञेची हवी, अमका मोकळा होवो, अशी. नुसती विनंती केली असेल तर वारसाने त्याला सोडायचं, तोवर तो गुलामच. मालक कर्जबाजारी असेल आणि सावकारांना बुडवायला गुलाम सोडत असेल, तर ती सुटका रद्द. इसवीसनपूर्व २ मध्ये संख्येवरही मर्यादा आली. दोनापर्यंत गुलाम असतील तर सगळे सोडा, दहापर्यंत असतील तर निम्मे, तिसापर्यंत तिसरा हिस्सा, शंभरापर्यंत चौथा, पाचशेपर्यंत पाचवा, आणि कितीही असले तरी शंभराच्या वर नाही.

लोकांनी यावर पळवाट काढली. यादीत जे आधी ते सुटणार, नंतरचे राहणार, म्हणून कुणी नावं गोलाकार लिहिली. वर्तुळाला सुरुवात नसते, मग शेवटचा कोण ठरवणार? माझ्या पेशातल्या कुणालाही ही युक्ती आवडेल. पण रोमन कायद्याने तिच्यावर लगेच उपाय केला: नावं गोलाकार असतील तर क्रम लागत नाही, म्हणून कुणीच सुटणार नाही. शंका आली की फायदा मालमत्तेला. त्या वर्तुळात आपलं नाव आहे हे कळलेल्या माणसाने तो निकाल कसा ऐकला असेल, याचा विचार केला की युक्तीची मजा जाते.

जॉर्ज वॉशिंग्टनचं १७९९ चं मृत्युपत्र याहून गाजलेलं. त्याने आपल्या मालकीच्या १२३ जणांना मोकळं करायचं लिहिलं, पण बायको मार्था वारल्यावर. विल्यम ली नावाच्या एकालाच लगेच स्वातंत्र्य आणि वर्षाला ३० डॉलर मिळाले. त्याच वाड्यीवर आणखी १५३ जण होते, ते मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीचे. त्यांना सोडायचा कायदेशीर अधिकार दोघांनाही नव्हता. या दोन गटांत आपसात लग्नं झालेली होती. त्यामुळे एका कागदाने नवरा सुटला आणि बायको राहिली, असं घडलं. शिवाय अट अशी की एका बाईच्या मरणावर शंभराहून अधिक लोकांची सुटका टांगलेली. मार्थाला स्वतःलाच त्या घरात धास्ती वाटू लागली आणि १ जानेवारी १८०१ रोजी तिने त्यांना आधीच मोकळं केलं. ही अट लिहिताना, ज्यांची सुटका लांबणीवर टाकतोय ते जिवंत आहेत आणि दिवस मोजू शकतात, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

नारदाचं मडकं, रोमनांचं वर्तुळ आणि वॉशिंग्टनचा कागद. तिन्हींच्या अटी वेगळ्या, पण तिन्हींत क्रियापदाचा कर्ता मालकच आहे. मालक सोडतो, दास सुटतो.

ही रचना मोडणारा कायदा १८४३ साली आला, आणि तो वाचायला अगदी रुक्ष आहे. कंपनी सरकारच्या मुलखासाठी केलेल्या त्या पाचव्या कायद्यात चारच कलमं. सरकारी अधिकाऱ्याने कुणालाही गुलाम म्हणून विकू नये. गुलामाच्या मालकीचा हक्क कुठल्याही कोर्टात चालणार नाही. तू गुलाम होतास म्हणून कुणाची कमाई किंवा वारसा हिरावता येणार नाही. आणि मोकळ्या माणसाच्या बाबतीत जो गुन्हा, तोच गुलामाच्या बाबतीतही गुन्हा. बस. यात कुणी प्रसन्न होत नाही, फुलं नाहीत, पूर्व दिशा नाही. मालकाला कुणी काही विचारतच नाही. पळून गेलेल्या बाईला परत आणायला कोर्ट मदत करणार नाही, एवढंच तो सांगतो.

त्याच्या मर्यादाही मोठ्या आहेत. त्याने कुणाला उठून सांगितलं नाही की तू मोकळी आहेस. जमीन दिली नाही, पैसा दिला नाही. भोरसारखी संस्थानं तर कंपनीच्या मुलखाबाहेरच होती. तरीही दोन मजकुरांतून एक निवडायचा झाला तर मी हा कोरडा मजकूर निवडेन. कारण त्यात कुणाचा अनुग्रह लागत नाही.

तीस वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. मराठीत गुलामीचा प्रश्न मालकाच्या दयेपासून काढून दास्यात असलेल्यांच्या समजुतीकडे आणणारं हे पुस्तक. याच फुल्यांनी १८८७ मध्ये स्वतःचं मृत्युपत्र केलं. वारस यशवंत, एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेला आणि त्यांनी दत्तक घेतलेला. १८९० मध्ये जोतीराव गेले, तेव्हा टिटवं धरण्याच्या हक्कावरून नातेवाइकांनी वाद घातला. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हाती घेतलं आणि अंत्यविधी केले. पुन्हा तेच मडकं. पण या वेळी ते कुणी कुणाच्या खांद्यावरून उतरवलं नाही. जिला ते धरायची परवानगी नव्हती, तिने ते उचललं.

मराठी साहित्यात हा प्रश्न पुढे नेणारी कृती म्हणजे विजय तेंडुलकरांचं १९८१ चं ‘कमला’. पत्रकार जयसिंग जाधव बाजारातून एका आदिवासी बाईला २५० रुपयांना विकत घेऊन दिल्लीच्या घरी आणतो. माणसं विकली जातात हे पत्रकार परिषदेत सिद्ध करायला त्याला पुरावा हवा असतो. त्याच्या मनात तो मुक्तिदाता आहे. कमलाला कुणी काही विचारत नाही. ती मात्र घरातल्या सरिताला एक साधा प्रश्न विचारते: तुला केवढ्याला घेतलं? आणि मग दोघींनी मालकाची कामं कशी वाटून घ्यावीत याचा समजूतदार प्रस्तावही मांडते.

नाटकावर आक्षेप घेतला जातो की शेवटी ते सरिताचं होतं, कमला केवळ तिच्या जागं होण्याचं निमित्त ठरते. मला तो आक्षेप बराचसा पटतो. कमला रंगमंचावरून जाते आणि आपण मध्यमवर्गीय बायकोच्या दुःखात रमतो. तरी त्या एका प्रश्नात तेंडुलकरांनी जे केलं ते नारदाच्या पूर्ण अध्यायात नाही. दास्यात असलेली बाई तोंड उघडते, आणि पहिल्याच वाक्यात मालकिणीला आपल्या शेजारी बसवते. घटातली दासी आणि ‘घटस्फोट’ या शब्दातली बायको इथे समोरासमोर येतात.

हे सगळं जुनं म्हणून सोडून देता आलं असतं. पण वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा आहे, माझ्या आईवडिलांच्या हयातीतला. त्याने वेठबिगार तत्क्षणी मुक्त झाले, त्यांचं कर्ज संपलं. मालकाच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. पुनर्वसनासाठी मात्र मुक्तीचा दाखला लागतो, आणि तो मिळायला आधी सरकारने मान्य करावं लागतं की तू वेठबिगार होतास. महाराष्ट्रातली कित्येक कातकरी कुटुंबं आजही पावसाळ्यात उचल घेतात आणि ती फेडायला वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. कातकरी वाड्या भोर-वेल्ह्यातही आहेत. उचल, व्याज, मुदत, पोटासाठी राहणं: नारदाची यादी पुन्हा काढून बघा. त्यातल्या किती ओळी जुन्या झाल्यात, ते ज्याने त्याने मोजावं.

आणि शब्द तर आपल्या तोंडात आहेतच. ‘बटकी’ ही आजही शिवी आहे. ‘लेकावळा’ म्हणजे बटकीच्या पोटी झालेलं मूल. ज्यांनी बटकी विकत घेतल्या त्यांच्यावरून एकही शिवी तयार झाली नाही.

मागच्या पावसाळ्यात राजगडावर पद्मावती माचीवर बसलो होतो. खालच्या गावातली एक मावशी ताक विकत होती. तिने सगळं डोक्यावरून वर आणलं होतं, ती चढण मी रिकाम्या हाताने धापा टाकत चढलो होतो. ती कुणाची बांधलेली नाही. तिचा धंदा तिचा, भाव तिचा. तरीही तिच्याकडे पाहताना मला वाटलं, या माचीवर तिच्याआधी ज्यांनी पाणी वाहिलं त्यांचा एखादा फलक कुठेतरी असायला हवा. नावं मिळणार नाहीत, हे मान्य. एवढं लिहिलं तरी चालेल की इथलं पाणी कुणीतरी भरत होतं.

ग्लास परत देताना मी म्हणालो, “मावशी, केवढं वजन आणता हो तुम्ही.”

“उतरताना हलकं होतं,” ती म्हणाली, “समदं इकलं तर.”